काडी फिरवण्याआधी अम्मीशी बोल

बेटा,

तुझा मेसेज वाचला. ईद-ए-मिलादच्या रक्तदान कॅम्पमध्येच स्टेम सेल, म्हणजे ब्लड कॅन्सर, थॅलेसेमियाच्या पेशंटला लागणाऱ्या रक्त बनवणाऱ्या पेशी, देणाऱ्यांची पण नोंदणी ठेवायची, एका दिवसात तीनशे नावं करायची म्हणतेस. फार बरं वाटलं गं, मिरजेत आपल्या मोहल्ल्यातल्या कुणीतरी हे मनावर घ्यावं म्हणून मी किती वर्षं वाट बघत होते. पण तो तीनशेचा आकडा आधी डोक्यातून काढ.

मी ब्लड बँकेत होते तेव्हा असाच एक कॅम्प घेतला होता. घाईघाईत जुळणी तपासायला पोरांच्या गालातून कापसाच्या काड्या फिरवल्या, फॉर्मवर सह्या घेतल्या, कुणाशी धड दोन मिनिटं बोलले नाही. दीडेक वर्षाने त्यातल्या एकाला फोन आला की तुमचं एका पेशंटशी जुळतंय. पोरगा तयार होता पण त्याची आई दारातच उभी राहिली, म्हणाली कण्यात सुई घालतील, माझा पोरगा अधू होईल. मी घरी गेले, तासभर बसले, ती माझा हात धरून रडली पण नाही म्हणजे नाहीच. पेशंटचं पुढं काय झालं मला कधीच कळलं नाही, नावं गुप्त ठेवतात ना. ते अजून मनातून जात नाही. आणि चूक तिची नव्हती, मी आधी तिच्या घरी जायला पाहिजे होतं.

म्हणून सांगते, कॅम्पच्या आधी घराघरात बायकांमध्ये बस. कण्याला कुणी हात लावत नाही हे पहिलं सांग. बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शन देतात, त्याने स्टेम सेल हाडातून रक्तात उतरतात, मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, हव्या तेवढ्या पेशी काढून घेतात आणि बाकीचं दुसऱ्या हातातून परत. चार ते सहा तास लागतात. ज्यांनी एसडीपी, म्हणजे मशीनवर नुसत्या प्लेटलेट्स, दिल्यात त्यांना लगेच कळेल. त्या दिवसांत कंबर, हाडं, डोकं दुखतं, ते लपवू नको, लपवलंस तर पुढच्या वेळी कुणी दार उघडणार नाही. थोड्या जणांचं मात्र भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढतात, तिथंही कणा नाही. दिलेलं शरीर काही आठवड्यांत भरून काढतं.

आपलीच माणसं कशाला, असं विचारतील. माझे अब्बा तानपुरे करायचे, जोडीचे दोन करायचे असले की मंगळवेढ्याकडनं आलेल्या भोपळ्यांच्या ढिगाऱ्यात दिवसभर बसून सारखे दोन शोधायचे. एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळवणं तसंच आहे बघ. निम्मं आईकडून, निम्मं बापाकडून येतं, सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, आणि आता घरात पोरंच दोन. मग बाहेर शोधायचं, तर जिथं पिढ्यान्‌पिढ्या आपापसात सोयरीक झालीय, शिकलगार, बागवान, अत्तार, मोमीन, तिथंच सापडायची आशा जास्त. जगात 4 कोटींवर नावं नोंदलीत पण भारतातली त्यात काही लाखच, त्यातही आपली किती असणार. आणि त्याच सोयरिकीमुळं थॅलेसेमिया, हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, पण घराघरात फिरतो. दर तीन आठवड्यांनी रक्त घ्यायला येणारी लेकरं मी बघितलीत, सुई दिसली की न सांगता हात पुढं करायची.

हे कैकाडी, वडर, जैन, लिंगायत सगळ्यांनाच लागू आहे, त्यांच्या वस्तीत पण जा.

मौलानांना जुम्म्याच्या आधी भेट. एक जीव वाचवला तर सगळी माणुसकी वाचवली, ही सूरह माइदाची 32वी आयत त्यांना तू सांगायची गरज नाही, पण 1988 ला जेद्दाच्या फिकह (इस्लामी कायदा) अकादमीने रक्तासारखं परत भरून येणारं असेल तर द्यायला परवानगी दिलीय हे मात्र सांग. रोज्यात फोन आला तर काय, हेही त्यांच्याकडूनच विचारून ठेव. कुणी म्हणेल मुसलमानालाच मिळणार का, तर सरळ नाही सांग, ज्याच्याशी जुळेल त्याला मिळणार.

आणि एक गोष्ट प्रत्येकाला स्वतः सांग, फॉर्मवर सोडू नको. शेवटी दात्याच्या पेशी देण्याआधी पेशंटचा स्वतःचा बोन मॅरो किमोने संपवून टाकतात, त्यानंतर दाता मागं फिरला तर तो पेशंट जातो. माघार घ्यायचा हक्क सगळ्यांना आहे, कुणी जबरदस्ती करत नाही, पण ज्याला भीती वाटतीय त्याने आजच नाही म्हणावं, त्याला वाईट वाटू देऊ नको. असं करून चाळीस नावं राहिली तरी चालतील. दात्री नाहीतर डीकेएमएस, या दात्यांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्था, ज्यांच्याकडून काड्यांचं किट घेशील त्यांचा माणूस आधी एकदा मोहल्ल्यात आण.

पहिली काडी तुझीच ना? मग रविवारी अम्मीला घेऊन घरी ये. कमरेच्या हाडाचं चित्र माझ्याकडे आहे, ते तिला दाखवते, तिला काय विचारायचंय ते सगळं विचारू दे.

तुझी,
खाला