बदलापुरात घर घेण्याआधी कोणते आकडे बघावेत?

कल्याणच्या पुढे घर शोधणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. खालची बहुतेक माहिती घरबसल्या नाहीतर दहा रुपयांच्या अर्जावर मिळते.

प्रश्न : केंद्राच्या 'ईज ऑफ लिव्हिंग' निर्देशांकात कल्याण-डोंबिवली बारावं होतं. बदलापूर यादीत सापडलंच नाही. मग ते त्याहून खालचं समजायचं का? (एक वाचक, डोंबिवली पूर्व)

नाही. 2020 चा तो निर्देशांक (जाहीर झाला मार्च 2021 मध्ये) 111 शहरांपुरता होता : स्मार्ट सिटी योजनेतली शहरं आणि दहा लाखांवर वस्तीची शहरं. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 1,74,226 होती. ते नापास झालं नाही, परीक्षेलाच बसलं नव्हतं.

बाराव्या क्रमांकावरही फार भिस्त ठेवू नका. मोठ्या शहरांच्या गटात ठाणे अकरावं, दिल्ली तेरावी. तिघांच्या गुणांत एका गुणाचंही अंतर नव्हतं. त्यातही 30 टक्के वजन लोकांच्या मतसर्वेक्षणाला. आणि आकडा अख्ख्या पालिका क्षेत्राचा. खडकपाड्यातला टॉवर आणि पालिका हद्दीतल्या 27 गावांतली पाण्याची वाट बघणारी चाळ, दोघांचा गुण एकच. घर घेणाऱ्याला प्रभागाचा, जमलं तर जलकुंभाचा आकडा हवा.

प्रश्न : बदलापूर पूर्वेला फ्लॅट बघतोय. एजंट म्हणतो, 'पाण्याचा प्रॉब्लेम नाही.' हे आकड्यांवरून तपासता येतं का? (एक वाचक, मुलुंड)

येतं, पण नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात शोधाल तर हाती काही लागणार नाही. बदलापूर आणि अंबरनाथला पाणी पुरवतं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. माहिती अधिकाराचा अर्ज तिकडे करा. चुकून नगरपरिषदेकडे गेलाच, तर कलम 6(3) खाली तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग व्हायला हवा. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. 'पाणी कमी का येतं?' असं विचारू नका. या कायद्यात स्पष्टीकरण मिळत नाही, कागद मिळतो. म्हणून मागायचं असं : 'अमुक जलकुंभातून गेल्या 12 महिन्यांत रोज सोडलेल्या पाण्याच्या नोंदींची प्रत आणि त्या भागाचं पाणी सोडण्याचं वेळापत्रक.'

उत्तर रोजच्या दशलक्ष लिटरमध्ये, म्हणजे एमएलडीत येईल. त्याला लोकसंख्येने भागलं की माणशी रोजचं पाणी निघतं. नळपाणी आणि भुयारी गटार असलेल्या शहरासाठी केंद्राचं मानक आहे 135 लिटर.

घोळ होतो तो छेदात. निव्वळ उदाहरणादाखल पुरवठा 40 एमएलडी धरू. 2011 च्या लोकसंख्येने भागलं तर माणशी जवळपास 230 लिटर, म्हणजे चैनच. पण आज वस्ती चार लाख धरली तर तेच पाणी 100 लिटरवर येतं, आणि वाटेत 30 टक्के गळती असेल तर घरात पोचतं 70. बदलापूर 2001 मध्ये 98 हजारांच्या आसपास होतं, दहा वर्षांत पावणेदोन लाखांवर गेलं. 2021 ची जनगणना झाली नाही, पुढची 2027 ची आहे. तेव्हा कुठल्याही अहवालात 'दरडोई' दिसलं की पहिल्यांदा लोकसंख्या कुठल्या सालची घेतलीय ते बघा.

आजचा छेद कुठून आणायचा? मतदार यादीत मुलं नसतात, आणि कल्याणपलीकडच्या कितीतरी कुटुंबांचं मत अजून परळला नाहीतर गावाला असतं. नळजोडण्या मोजाल तर फसाल, कारण साठ फ्लॅटच्या सोसायटीची जोडणी बऱ्याचदा एकच असते. त्यातल्या त्यात बरा आधार महावितरणच्या घरगुती मीटरचा. त्या उपविभागातले एकूण घरगुती मीटर विचारा, वर्षभर वापर शून्य असलेले वजा करा (गुंतवणूक म्हणून घेतलेले कुलूपबंद फ्लॅट इथे थोडेथोडके नाहीत) आणि चाराने गुणा. हा अंदाजच, पण पंधरा वर्षांपूर्वीच्या जनगणनेपेक्षा खरा.

एवढं करूनही एक कागद राहतोच : ज्या इमारतीत घर बघताय तिचे गेल्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. विकणारा सभासद असतो, त्याच्याकडे वार्षिक सभेच्या अहवालाची प्रत असतेच. त्यात 'टँकर' शीर्षकाखालचा खर्च बघा. फक्त एप्रिल-मेमध्ये असेल तर उन्हाळ्याची अडचण आहे, बाराही महिने असेल तर ती इमारत टँकरवरच चालते. खर्च शून्य असेल तर बोअरवेलच्या पंपाचं वीजबिल तपासा. आणि फ्लॅट बघायला जायचंच, तर शटडाउनच्या (पाणीपुरवठा बंद ठेवल्याच्या) दुसऱ्या दिवशी सकाळी जा. दाब कमी असतो, टाकी खरंच भरते का ते तेव्हाच कळतं.

प्रश्न : उल्हास नदीच्या पुराची भीती कितपत धरायची? बिल्डर म्हणतो, 'आमचा प्लॉट पूररेषेबाहेर आहे.' (एक वाचक, बदलापूर पश्चिम)

कुठल्या पूररेषेबाहेर, ते विचारा. जलसंपदा विभागाच्या नकाशावर दोन असतात. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवी इमारत उभी करता येत नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. 'बाहेर' म्हणणारा बऱ्याचदा या मधल्या पट्ट्यातच असतो. 26 जुलै 2005 आणि 27 जुलै 2019 या दोन तारखा इथे कुणालाही विचारा. 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती.

सातबाऱ्यावरून सर्व्हे नंबर आणि हिस्सा घ्या. नगररचना विभागात त्याच नंबराचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागा, आणि पूररेषा त्यावर दाखवून द्या असं अर्जात स्पष्ट लिहा. मात्र ही रेषा नदीची असते. नाला तुंबून रस्त्यावर येणारं पाणी, किंवा शेजारच्या प्लॉटवर भराव टाकल्यामुळे तुमच्याकडे वळलेलं पाणी त्या नकाशात नसतं. म्हणून इमारतीत मीटर रूम आणि पाण्याचा पंप रस्त्यापासून किती उंचीवर आहेत ते डोळ्यांनी बघा. घर चौथ्या मजल्यावर असलं तरी मीटर बुडाले की वीज, लिफ्ट आणि पाणी तिन्ही जातात.

प्रश्न : ॲपवर हवा 'समाधानकारक' दिसते, आणि रात्री अकरानंतर रसायनाच्या उग्र वासाने खिडक्या बंद कराव्या लागतात. आकडा खोटा आहे का? (एक वाचक, डोंबिवली एमआयडीसी निवासी विभाग)

खोटा नाही, तुमचं दुखणं मोजणाराच नाही. हवा गुणवत्ता निर्देशांक आठच घटकांचा : पीएम 10 आणि पीएम 2.5 (हवेतले सूक्ष्म कण), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. सॉल्व्हंटचा किंवा गंधकयुक्त वायूंचा वास यात नाही. शिवाय बहुतेक घटकांची 24 तासांची सरासरी धरतात, त्यामुळे रात्रीचे चार वाईट तास दिवसाच्या वाऱ्यात मिसळून जातात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून जवळच्या हवा मोजणाऱ्या केंद्राची तासागणिक आकडेवारी उतरवून घ्या. कल्याणला खडकपाडा आणि बदलापूरला कात्रप इथे स्वयंचलित केंद्रं आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी घ्या. पावसाळ्यातली हवा सगळीकडेच छान असते, त्यावरून काही ठरवू नये. रात्री 10 ते सकाळी 8 चे तास वेगळे काढा आणि पीएम 2.5 ची सरासरी 60 मायक्रोग्रॅमशी ताडून बघा. ही दिवसाची मर्यादा आहे, वर्षाची 40. रिकामे रकाने किती, तेही मोजा. दिवसाचा निर्देशांक काढायला किमान 16 तासांची नोंद लागते, त्यामुळे वाईट दिवसांत बंद पडलेलं केंद्र वर्षाची सरासरी उगाच सुधारतं.

वासासाठी दुसरा मार्ग. 2009 च्या यादीत केंद्रीय मंडळाने डोंबिवलीची नोंद अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्र म्हणून केली होती. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाकडे तुमच्या एमआयडीसी टप्प्यातल्या वर्षभराच्या तक्रारी आणि दिलेल्या नोटिसा मागा. घर घ्यायचं असेल तर कारखान्यापासूनचं अंतरही मोजा. मे 2016 आणि मे 2024 च्या स्फोटांत दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या होत्या.

प्रश्न : विकास आराखड्यात आमच्या समोर बाग आहे. ती होईल ना? (एक वाचक, अंबरनाथ)

हिरवा रंग म्हणजे आरक्षण, बाग नव्हे. दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण गळतं. नगररचना विभागाकडे तीनच गोष्टी विचारा : त्या आरक्षणाचा क्रमांक, ताबा पावतीची तारीख, कलम 127 ची नोटीस आलीय का. ताबा पावती नसेल तर समोर टॉवर उभा राहणार असं धरूनच फ्लॅटची किंमत ठरवा.

प्रश्न : महारेराचा नंबर आहे, म्हणजे इमारत अधिकृत धरायची का? (एक वाचक, टिटवाळा)

नाही धरायची. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची) नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. महारेराच्या पानावरून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा जावक क्रमांक आणि तारीख उतरवून घ्या, आणि त्याच प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत पालिकेच्या नगररचना विभागाकडून मागवा. दोन्ही कागद शेजारी ठेवून सर्व्हे नंबर, मजले आणि विंग ताडून बघा. सात मजल्यांच्या परवानगीवर नवव्या मजल्याचा फ्लॅट विकायला काढलेला इथेच सापडतो. प्रत हातात येईपर्यंत टोकन देऊ नका.