इंडियन पॅसिफिक: गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन ऑस्ट्रेलियातल्या इंडियन पॅसिफिक रेल्वेने सिडनी ते पर्थ जाताय आणि एजंट म्हणतोय "सगळं सामान तुमच्याजवळच राहील". हे वाचलं आणि राहवलंच नाही. २०२३ मध्ये पुण्यातल्या एका ऑफिसात आम्हाला हेच सांगितलं होतं आणि मी ते तसंच मान्य केलं.

राहत नाही हो. मोठ्या बॅगा सिडनीला स्टेशनवरच चेक-इन होतात, विमानासारख्या, आणि थेट पर्थला मिळतात. केबिनमध्ये एक छोटी बॅग न्यायची. गोल्ड ट्विनची, म्हणजे दोघांची, केबिन बघितलीत की कारण कळेल, दिवसा सोफा, रात्री वर-खाली बर्थ, एक जण उभा राहून कपडे बदलत असेल तर दुसऱ्याने बसूनच राहायचं.

आमच्या आईला बीपी आणि शुगर दोन्ही. तीन महिन्यांच्या गोळ्या व्यवस्थित डब्यात भरून मोठ्या बॅगेत, कारण बॅग जवळच असणार होती ना. रात्री जेवण झाल्यावर आईने पर्स उघडली तर बीपीच्या स्ट्रिपमध्ये एकच गोळी, शुगरची एकही नाही, आणि पुढे अजून तीन रात्री. ती काही बोलली नाही, नुसती ती स्ट्रिप उलटीपालटी करून बघत बसली. मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं.

एजंटला मेसेज केला तर उत्तर काय, "आमचं काम बुकिंगपर्यंत, सामानाचे नियम तुम्ही बघायला हवे होते". अहो, तुम्हीच सांगितलंत ना! पण फोनवर सांगितलेलं, कागदावर काही नाही, मग कुणाला दाखवणार. म्हणून माझं स्पष्ट मत, एजंटकडून प्रत्येक गोष्ट ईमेलवर घ्या, आणि तो लिहून द्यायला कुरकुरला तर बुकिंग दुसरीकडे करा.

सकाळी वाटेतल्या ब्रोकन हिल गावाला नेटवर्क आलं. दुसरा धक्का हा की तिथले केमिस्ट आपल्या पुण्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्या देत नाहीत, तिथल्याच डॉक्टरची लागते. सिडनीतल्या भावाने पैसे भरून आईची फोनवर डॉक्टरशी गाठ घालून दिली, ई-प्रिस्क्रिप्शन मेसेजवर आलं आणि ॲडलेडला बाकीचे लोक फिरायला गेले तेव्हा मी केमिस्टकडे रांगेत. ॲडलेडनंतर हे सुचलं असतं तर काहीच करता आलं नसतं, कारण पुढच्या नलारबोरच्या ओसाड पठारावर मैलोन्‌मैल फोन लागत नाही. (मी डॉक्टर नाही, एखादा डोस चुकला तर काय करायचं ते निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.)

तर पूर्ण प्रवासाच्या गोळ्या आणि वर चार दिवसांच्या जास्तीच्या, हातातल्या पर्समध्ये. सोबत डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, त्यात औषधाचं मूळ नाव, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिथे कुणाला कळत नाहीत. आणि दोघांच्या गोळ्या एकाच पाउचमध्ये नको.

बाकी, खालचा बर्थ कुणाला ते आधीच ठरवा, वरच्याला शिडी आहे आणि गाडी रात्री चांगली हलते. शाकाहारी जेवण बुकिंग करतानाच कळवा, गाडीत बसल्यावर नको. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात बाहेरची फळं, भाज्या, मध न्यायला बंदी आहे, म्हणून घरून केळी-सफरचंद बांधून घेऊ नका, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आमची चालली. हे सगळं २०२३ चं, नियम बदलतात, तुमच्या तिकिटासोबतचा कागद नीट वाचा.

आणि हे सगळं वाचून बेत रद्द करू नका हं. ४३५२ किलोमीटर, एका महासागरापासून दुसऱ्यापर्यंत. १९७० च्या आधी वेगवेगळ्या गेजमुळे (दोन रुळांमधलं अंतर) वाटेत गाड्या बदलाव्या लागायच्या, आता एकदा बसलात की पर्थच. नलारबोरवर रूळ ४७८ किलोमीटर एकदम सरळ जातो, एक वळण नाही, झाड नाही. कुक म्हणून एक ओस पडलेलं गाव आहे, तिथे गाडी पाणी भरायला थांबते, पत्र्याच्या दोन जुन्या कोठड्या उभ्या आहेत. तिथे उतरायला देतील तेव्हा आईबाबांना उतरवा, टोपी घालून. आमची आई खाली वाकून तिथली लाल माती बोटाने चाचपून बघत होती, शुगर तेव्हा १४० वर आलेली होती.