ईगल्सचे क्वार्टरबॅक, कोच आणि माझं फिरत गेलेलं मत

तुम्ही विचारलंय की एकाच संघाचे जुने चाहते क्वार्टरबॅक आणि कोचबद्दल आज एक आणि उद्या भलतंच कसं बोलतात, त्यांना स्वतःचं मत असतं की नाही. मी २००१ साली सांगलीहून फिलाडेल्फियाच्या एका उपनगरात राहायला आले आणि तेव्हापासून ईगल्सचा, म्हणजे फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, एकही हंगाम सोडलेला नाही. मत असतं, चांगलं ठाम असतं. माझं इतकं ठाम होतं की दोन माणसांच्या बाबतीत मी साफ चुकले हे कळायला बरीच वर्षं गेली.

अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडं सांगते. चाल सुरू झाली की चेंडू ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. फेकायचा, दुसऱ्याकडे द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. क्रिकेटमध्ये मैदानावर कर्णधाराचा शब्द चालतो. इथे प्रत्येक चाल कोच मंडळींकडून येते, क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर. चालीच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो आणि पुढचं त्याचं त्यानं निभवायचं. म्हणून चूक कोचची की क्वार्टरबॅकची, हा वाद इथे घरोघरी चालतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त वेल्डर राहायचे. माझी मुलं त्यांना आजोबाच म्हणायची. खेळ मला त्यांनी शिकवला, आणि पहिल्याच वर्षी सांगितलं की चेंडूकडे बघू नकोस, पुढच्या पाच जणांकडे बघ. हे पाच म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, क्वार्टरबॅकच्या पुढ्यात भिंत करून उभे राहणारे धिप्पाड गडी. मी मान डोलावली आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं चेंडूकडेच बघत राहिले.

क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅब आणि कोच अँडी रीड ही माझी पहिली जोडी. २००१, २००२, २००३, सलग तीन हंगाम संघ सुपर बोलच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याच्या, उंबरठ्यावर हरला. चौथ्या खेपेला पोचला. ६ फेब्रुवारी २००५, समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स. आपण १० गुणांनी मागे, घड्याळात ५ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे दोनदा गुण करायचे होते. आणि आमचे खेळाडू सावकाश चालत येऊन जागा घेत होते. मी टीव्हीसमोर उभी राहून मराठीतून ओरडत होते, 'अरे पळा!' टचडाउन झाला, म्हणजे चेंडू एकदाचा गोलरेषेपार पोचला, तेव्हा १ मिनिट ४८ सेकंद उरले होते. २४-२१ ने हरलो.

त्या रात्रीपासून रीडना घड्याळ कळत नाही हे माझं मत पक्कं झालं. २०१२ चा हंगाम ४ विजय, १२ पराभव असा गेला, त्यांना काढलं, आणि मला खरंच आनंद झाला. नंतर त्यांनी कॅन्सस सिटीच्या संघाला तीन सुपर बोल जिंकून दिले. त्यातला एक, २०२३ च्या फेब्रुवारीतला, आमच्याचविरुद्ध, ३८-३५. पण ते तिकडे जिंकले म्हणून माझं मत बदललं असं नाही. ईगल्सच्या इतिहासात साखळी सामन्यांत सर्वाधिक, १३० विजय त्यांच्याच नावावर आहेत, आणि मी त्या चौदा वर्षांचा निकाल चार मिनिटांवरून लावला होता. हा अन्याय होता.

रीडनंतर आलेले कोच चिप केली यांच्याबद्दल फार लिहीत नाही. पहिल्या वर्षी डोक्यावर घेतलं, तिसरं वर्ष संपायच्या आत त्यांची गच्छंती झाली. आमचा चेंडू घेऊन धावणारा लेशॉन मकॉय त्यांनी बफेलोच्या संघाला देऊन टाकला, ते मला आजही पटलेलं नाही.

मग आला क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला, नॉर्थ डकोटाचा उंचापुरा मुलगा. २०१७ मध्ये १३ सामन्यांत ३३ टचडाउन पास. माझ्या धाकट्याला आम्ही त्याची ११ नंबरची जर्सी घेतली आणि तो ती अंगातून काढेना, धुवायला घ्यायची तर झोपल्यावर. १० डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये वेंट्झचा गुडघा गेला. दुखावल्यावरही तो मैदानात थांबला, त्याच डावात आणखी एक टचडाउन पास टाकला आणि मग बाहेर गेला. पोरगं रात्रभर रडत होतं.

त्याच्या जागी आला निक फोल्स, ज्यानं वर्षभरापूर्वी खेळ सोडायचा विचार केला होता. मी म्हटलं, संपलं. पण संघ सुपर बोलला पोचला. ४ फेब्रुवारी २०१८ ला आमच्या तळघरात मिसळ खात वीसेक माणसं बसली होती. मध्यंतराला ३८ सेकंद उरलेले, शेवटची संधी, गोलरेषा एका यार्डावर. किक मारून तीन गुण सहज मिळाले असते. कोच डग पीडरसननी ते नाकारले. चेंडू ट्रे बर्टन या दुसऱ्याच खेळाडूकडे गेला आणि त्यानं तो फेकला थेट फोल्सकडे! क्वार्टरबॅकनं टचडाउनचा झेल घेतला. आजोबांनी ताट खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ४१-३३, ईगल्सचा पहिला सुपर बोल.

त्यानंतर माझा पीडरसनवर आंधळा विश्वास बसला. म्हणून २०२० फार जड गेलं. वेंट्झनं १५ इंटरसेप्शन दिली, म्हणजे त्यानं फेकलेला चेंडू १५ वेळा समोरच्या संघानं झेलला, बारा सामन्यांत ५० वेळा तो चेंडूसकट पाडला गेला, आणि डिसेंबरात त्याला बसवून जेलन हर्ट्सला आणलं. मी वेंट्झवर चिडले होते. आजोबा फोनवर म्हणाले, पन्नास वेळा पडलाय म्हणतेस, पाडायला येणाऱ्यांना अडवणारे कुठे होते ते मोज. मी मोजलं. पाचांतले बहुतेक कधी ना कधी जायबंदी होऊन बाहेर होते. वेंट्झच्या चुका त्याच्याच होत्या, चेंडू फार वेळ धरून ठेवायचा तो, पण भिंतच पडली होती.

तेव्हापासून मी खरंच आधी लाइन बघते. केली, पीडरसन, सिरियानी असे कोच बदलले. लाइन शिकवणारे जेफ स्टाउटलंड २०१३ मध्ये आले ते दोन्ही सुपर बोल जिंकेपर्यंत तेच होते. ऑस्ट्रेलियात रग्बी खेळणारा जॉर्डन मायलाटा, ज्यानं फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता, त्याला त्यांनी घडवलं.

हर्ट्सबद्दल मी म्हणत असे की हा पळतो छान, पण याला फेकता येत नाही. २०२३ मध्ये १० विजय, १ पराभव इथून संघ कोसळला, तेव्हा त्याला आणि कोच निक सिरियानी दोघांनाही बदला म्हणून मी तावातावानं भांडले. मालकांनी दोघांना ठेवलं. बदलले ते हाताखालचे कोच, बचावासाठी विक फँजिओ आले आणि आक्रमणासाठी केलन मूर. ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, न्यू ऑर्लिन्सला, कॅन्सस सिटीविरुद्ध मध्यंतरालाच २४-०, शेवटी ४०-२२, आणि हर्ट्स सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू. अलाबामा विद्यापीठाकडून खेळताना याच मुलाला राष्ट्रीय अंतिम सामन्यात मध्यंतराला बाहेर बसवलं होतं. हे मला आधीपासून माहीत होतं, तरी तो चिवट आहे एवढं साधं मी त्यावरून ओळखलं नाही.

तो सामना बघायला आजोबा नव्हते.

धाकटा आता माझ्यापेक्षा उंच आहे. मध्यंतरी कपाट आवरताना ती ११ नंबरची जर्सी निघाली आणि नवऱ्यानं विचारलं, देऊन टाकूया का? मी घडी करून परत ठेवली. वेंट्झनं त्या वर्षी तेरापैकी अकरा सामने जिंकून दिले, म्हणून सुपर बोलआधीचे दोन्ही बाद फेरीचे सामने फिलाडेल्फियात झाले. त्याच्याबद्दलचं माझं मत तीनदा फिरलं, आता फिरणार नाही.