एकवीस पत्त्यांच्या जादूत अकरावाच पत्ता का?

२१ पत्त्यांची जादू वर्गात रंगते, पण "पत्ता दर वेळी अकरावाच का येतो?" असं मुलांनी विचारलं की समजावता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मीही आधी फळ्यावर क्ष मांडून सांगायचो आणि मुलं तिथेच सुटायची. क्ष नकोच. पत्त्याकडेही बघू नका, तो कितव्या जागी आहे एवढंच बघा.

जादू अशी: पत्ते आडव्या ओळींनी मांडत सात-सातच्या तीन उभ्या रांगा करायच्या, मुलाने मनात धरलेला पत्ता कुठल्या रांगेत आहे ते विचारायचं, ती रांग गोळा करताना मध्ये ठेवायची. असं तीनदा केलं की तो पत्ता वरून अकरावा निघतो.

पहिल्यांदा गोळा केल्यावर पत्ता ८ ते १४ यांपैकी एका जागी असणार, कारण वर सात पत्ते आहेत. पुन्हा मांडताना एका ओळीत तीनच पत्ते बसतात, म्हणून ८ आणि ९ तिसऱ्या ओळीत, १० ते १२ चौथ्या, १३ आणि १४ पाचव्या ओळीत जातात. सात शक्यतांच्या तीन झाल्या! पुन्हा ती रांग मध्ये घेतली की जागा ७+३ ते ७+५, म्हणजे १० ते १२. हे तिन्ही पत्ते पुढच्या मांडणीत चौथ्याच ओळीत पडतात. म्हणजे तिसऱ्यांदा रांग कळताच पत्ताही कळला, आणि ती मध्ये घेतल्यावर ७+४, अकरावा. हे मुलांकडूनच करून घ्या. पत्त्यांच्या दर्शनी बाजूवर पेन्सिलीने १ ते २१ आकडे घालून मांडायला लावलं की आठ नंबर कुठे गेला हे ती स्वतःच ओरडून सांगतात.

मांडणं म्हणजे तीनने भागणं. हे एकदा पटलं की २१ सोडा आणि २७ पत्ते घ्या (नऊ-नऊच्या तीन रांगा), कारण खरी मजा तिथे आहे. प्रत्येक उत्तराला तीन शक्यता, म्हणून तीन प्रश्नांत ३×३×३ = २७ पत्ते वेगळे ओळखता येतात; अठ्ठाविसावा घेतला तर खात्री गेली. शिवाय पत्ता हव्या त्या जागी आणता येतो. फ्रेंच गणिती जेर्गोन यांनी १८१३-१४ मध्ये याच जादूच्या गणितावर लिहिलं होतं.

समजा १७ वी जागा हवी. एक वजा करा: १६. त्याचे नऊ, तीन आणि एक असे भाग पाडा: १६ = १×९ + २×३ + १. रांग सगळ्यात वर ठेवणं म्हणजे ०, मध्ये १, खाली २. १, २, १ हे आकडे उजवीकडून वाचायचे: पहिल्यांदा मध्ये, मग खाली, मग मध्ये. पडताळून बघा: जागा १० ते १८, मग १८+४ ते १८+६, म्हणजे २२ ते २४, मग ९+८, म्हणजे १७. दशमान पद्धतीबाहेरची संख्यापद्धती शिकवायला याहून चांगली सुरुवात मला तरी सापडलेली नाही.

एक काळजी घ्या. पत्ते सुलटे मांडा आणि सगळा गठ्ठा गोळा झाल्यावर एकदम पालथा करा. वर-खाली हे त्या पालथ्या गठ्ठ्यात मोजायचं. पत्ते पालथेच मांडत गेलात तर प्रत्येक रांगेतला क्रम उलटतो. २१ मध्ये हे लक्षातही येत नाही, कारण अकरावा पत्ता दोन्हीकडून अकरावाच असतो. २७ मध्ये मात्र सतरावा म्हणून भलताच पत्ता निघू शकतो.