काकांनी बांयत (विहिरीत) ढकललं होतं, आता समुद्रात कशी जाऊ?

प्रश्न: ताई, मी मूळची वाळपईकडची, आता पणजीत. सात वर्षांची असताना काकांनी "पाण्यात टाकलं की पोर आपोआप पोहतं" म्हणत मला घरच्या बांयत ढकललं. गटांगळ्या खाल्ल्या, नाकातोंडात पाणी, शेवटी चुलतभावाने केसांना धरून वर काढलं. आज 36 वर्षांची आहे तरी मिरामारला चपला हातात घेऊन कोरड्या वाळूतच उभी असते आणि सहा वर्षांची लेक हात धरून पाण्याकडे ओढते. या वयात काही होऊ शकतं का?

उत्तर: होतं हो. मी चाळिशीपर्यंत शॉवरखाली पण तोंड मागे करून उभी राहायचे, देवळाच्या तळीत पाय घसरला होता लहानपणी, त्याचं. तुमच्या काकांची पद्धत म्हणजे निव्वळ आचरटपणा, पूर्वीची शहाणी माणसं निदान पोराच्या पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा तरी बांधायची.

समुद्राचं नाव सध्या काढूच नका. घरी टबात पाणी घ्या, तोंड बुडवा आणि नाकाने हळूहळू बुडबुडे सोडा. नाकातून हवा बाहेर येत असली की पाणी आत शिरत नाही, आपण घाबरून श्वास कोंडतो किंवा आत ओढतो तिथेच घोळ होतो. मला यालाच तीन आठवडे लागले. मग कंबरभर पाण्याचा पूल आणि न ओरडणारा कोच. तरंगण्याआधी उभं राहायला शिका, म्हणजे गुडघे पोटाशी घ्यायचे, डोकं वर काढायचं आणि पाय खाली टेकवायचे, हे एकदा जमलं ना की अर्धी भीती तिथेच गेली, कारण तुम्हाला बांयत तळच लागला नव्हता.

आणि गंमत बघा, बांयचं पाणी गोडं, समुद्राचं खारं, लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ, त्यामुळे ते जड असतं आणि आपल्याला जास्त उचलून धरतं. पाळोळेला पहिल्यांदा कोचचा हात मानेखाली ठेवून उताणी झाले, कान पाण्याखाली गेले, किनाऱ्यावरची सगळी बडबड बंद आणि फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. तेव्हापासून दर रविवारी नवराच विचारतो, आज जेवण घरी की बीचवर?

पण भीती गेली म्हणून माज नको. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचं नाही, एरवी पण लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, लाल झेंडा दिसला की परत फिरायचं. लाटा फुटताना मधेच एखादा गुळगुळीत शांत पट्टा दिसतो, लोक नेमके तिथे उतरतात आणि बऱ्याचदा आत खेचणारा प्रवाह तिथेच असतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, तरंगत राहा, हात वर करून लाईफगार्डला बोलवा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरका.

लेकीचं नाव पण त्याच पूलला घाला. काकांना बघायला बोलवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.