बोलेस्लाव्हची सायकल, कुर्ल्याची पद्मिनी

नाना पेठेतल्या आमच्या दुकानात मी एकतीस वर्षं मोटारींचे सुटे भाग विकले. आता दुकान मुलगा बघतो आणि मी महिन्यातून एकदा तुमची पत्रं वाचतो. मागच्या अंकात ‘तुमच्या गाडीवरचं नाव कुठून आलं ते विचारा’ असं लिहिलं होतं. आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

माझा मुलगा शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात काही वर्षं नोकरीला होता. तिथे त्याने ऐकलं की ही कंपनी एका तक्रारीच्या पत्रामुळे निघाली. हे खरं का? आणि स्कोडा कोण?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

खरं आहे. गाड्यांच्या जन्मकथांपैकी ही माझी सगळ्यात लाडकी, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

म्लादा बोलेस्लाव्ह हे प्रागजवळचं गाव. त्या काळी तो मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात होता. घरात आणि बाजारात लोक चेक बोलायचे, पण मोठ्या कंपन्यांचा कारभार बहुतेक जर्मनमध्ये चालायचा. या गावात व्हाक्लाव्ह क्लेमेंट नावाचा तरुण पुस्तकविक्रेता होता. त्याने ‘जर्मानिया’ नावाची सायकल घेतली. सायकल जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कंपनीची, पण तिची शाखा चेक मुलखातच, उस्ती नाड लाबेम या गावी होती. सायकल बिघडली तेव्हा, 1894 मध्ये, क्लेमेंटने त्या शाखेला आपल्या भाषेत तक्रार लिहून पाठवली. उत्तर आलं ते जर्मनमध्ये. उत्तर हवं असेल तर आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा, असा त्याचा मतलब.

शाखा चेक मुलखात, गिऱ्हाईक चेक, सायकलीचे पैसेही चेक माणसाच्या खिशातले. तरी तक्रार मात्र परक्या भाषेत करायची!

हे वाचलं की मला आमच्या काउंटरवरची एक दुपार आठवते. एका कंपनीच्या क्लच प्लेटा लागोपाठ खराब निघाल्या. एका वयस्कर मेस्त्रींनी तक्रार सांगितली आणि मी ती जशीच्या तशी मराठीत लिहून पाठवली. ‘प्लेट बसते, पण चढावर घसरते आणि जळका वास येतो.’ महिन्याभराने पाकीट परत आलं. आत माझंच पत्र आणि वर इंग्रजीत एक ओळ, की तक्रार इंग्रजीत कळवावी. मेस्त्रींनी ती चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि काही न बोलता खिशात ठेवली. त्यांनी ती कंपनी पुन्हा कधीच मागितली नाही.

क्लेमेंटने पुढचं पाऊल टाकलं. व्हाक्लाव्ह लाउरीन नावाचा हुशार मेकॅनिक त्याला भेटला. 1895 च्या डिसेंबरमध्ये दोघांनी सायकली दुरुस्त करायला आणि बनवायला सुरुवात केली. आपल्या सायकलीचं नाव त्यांनी ‘स्लाव्हिया’ ठेवलं, म्हणजे स्लाव्ह लोकांची. ‘जर्मानिया’ला याहून चोख उत्तर दुसरं काय असणार! 1899 मध्ये त्यांच्या मोटारसायकली आल्या आणि 1905 मध्ये पहिली मोटार. अपमान गिळून पुस्तकं विकत बसला असता, तर क्लेमेंटला कुणी दोष दिला नसता. पण त्याने स्वतःचं वर्कशॉप काढलं. या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता स्कोडा कोण ते. एमिल स्कोडा हे पिल्झेनचे इंजिनिअर. 1869 मध्ये त्यांनी तिथला यंत्रांचा कारखाना विकत घेतला आणि तोफा, अवजड यंत्रं, ओतकाम यांत मोठं नाव कमावलं. ते 1900 मध्ये वारले, म्हणजे बोलेस्लाव्हची पहिली मोटार निघायच्याही आधी. पुढे लाउरीन-क्लेमेंटच्या कारखान्यात 1924 साली मोठी आग लागली, पैशाची ओढाताण झाली आणि 1925 मध्ये कंपनी स्कोडा समूहात गेली. त्यामुळे ज्याने आयुष्यात एकही मोटार बनवली नाही त्याचं नाव बॉनेटवर लागलं आणि ज्या दोघांनी सायकलीपासून सगळं उभं केलं ते मागे पडले. स्कोडाच्या महागड्या मॉडेलवर ‘एल अँड के’ अशी अक्षरं दिसली तर थांबून बघा. ती या दोघांची आहेत.

तुमच्या मुलाला आणखी एक सांगा. शेंद्र्यात 2001 मध्ये ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात झाली. पुढे स्कोडाने भारतासाठी नवी सेडान काढली, तिला नाव दिलं ‘स्लाव्हिया’, आणि ती तयार होते आपल्या चाकणला. पुणे-नाशिक रस्त्यावर कंटेनरमधून ती गाडी जाताना दिसली की मला त्या जुन्या सायकलीची आठवण होते.

आमच्या घरी तीन पिढ्या यंत्रमाग आहेत. सुझुकी आणि टोयोटा आधी माग बनवायचे असं ऐकलं. माग बनवणाऱ्याला मोटार कशी जमली?
– एक वाचक, इचलकरंजी

दोघांबद्दलही तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे. मिचिओ सुझुकी यांनी 1909 मध्ये जपानच्या हामामात्सु गावी मागाचा कारखाना काढला. कंपनीने 1952 मध्ये सायकलीला लावायचं छोटं इंजिन आणलं आणि 1955 मध्ये सुझुलाइट ही छोटी मोटार.

टोयोटाची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. साकिची टोयोडा हे सुताराचे चिरंजीव. त्यांच्या 1924 च्या मागात दोन करामती होत्या. धोट्यातलं, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या नळीतलं, सूत संपत आलं की माग न थांबवता नवा धोटा आपोआप यायचा आणि ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक जरी धागा तुटला तरी माग जागच्या जागी थांबायचा. धागा तुटलेला लक्षात न येता हातभर कापड खराब निघालं की काय वाटतं, हे तुमच्या घरात सांगायची गरज नाही. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. मँचेस्टरच्या आसपासच्या कंपन्यांनी जगाला माग विकले आणि त्यांच्यातल्याच एका नामवंत कंपनीने जपानी माग विकत घेतला! साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनी 1933 मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग सुरू केला. आता तुमचा प्रश्न: मोटार कशी जमली? ओतकाम, अचूक कातकाम आणि एकासारखा एक भाग हजारदा काढायची सवय या गोष्टी त्यांच्या हातात आधीपासून होत्या. चूक दिसली की यंत्र थांबवायचं हा मागावरचा धडाही त्यांनी मोटारीच्या कारखान्यात नेला. तिथे साधा कामगारही दोरी ओढून पुढचं काम थांबवू शकतो.

आडनाव टोयोडा, मग गाडी टोयोटा कशी? 1936 मध्ये बोधचिन्हासाठी स्पर्धा घेतली, सुमारे 27,000 प्रवेशिका आल्या. जपानी काताकाना लिपीत ‘टोयोडा’ लिहिताना शेवटच्या अक्षराच्या डोक्याशी दोन बारीक रेघा द्याव्या लागतात. त्या काढल्या की उच्चार ‘टोयोटा’ होतो आणि एकूण रेघा आठ राहतात. आठ हा तिकडे शुभ आकडा. दिसायला सुटसुटीत आणि घराण्याच्या आडनावापासून थोडं वेगळं, म्हणून तेच ठरलं.

ऑडी म्हणजे काय?
– एक वाचक, कोल्हापूर

‘ऐक!’ ऑगस्ट हॉर्च यांनी 1899 मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली, पण 1909 मध्ये भागीदारांशी बिनसलं आणि ते बाहेर पडले. नवी कंपनी काढली तर कोर्टाने सांगितलं की हॉर्च हे नाव आता तुमचं नाही. मित्राच्या घरी नव्या नावाची चर्चा चालली होती आणि त्या मित्राचा मुलगा तिथेच लॅटिनचा अभ्यास करत बसला होता. जर्मनमध्ये ‘हॉर्च’ म्हणजे ऐक, लॅटिनमध्ये ऐक म्हणजे ‘ऑडी’. पोराने ते सुचवलं आणि 1910 पासून ते कायम झालं. ऑडीच्या बोधचिन्हातल्या चार कड्या 1932 मधल्या. ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्च आणि वाँडरर या चार कंपन्या तेव्हा एकत्र आल्या. तिथे ऑडी आणि हॉर्च पुन्हा शेजारी बसले.

माझे आजोबा टॅक्सी चालवायचे. घरात त्यांच्या गाडीवरची ‘प्रीमियर’ लिहिलेली पट्टी आहे, पण ते मरेपर्यंत गाडीला फियाटच म्हणायचे. आई म्हणते पद्मिनी. खरं नाव कोणतं? आणि पट्टी गंजू नये म्हणून काय करू?
– कॉलेजातली एक वाचक, परळ

बाळ, तिन्ही खरी आहेत. कारखाना प्रीमियरचा, कुर्ल्याला. ती कंपनी काढली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी, 1944 मध्ये. भारतात मोटार बनली पाहिजे हा ध्यास त्यांनी कितीतरी आधी घेतला होता आणि विश्वेश्वरय्यांचा त्यांना भक्कम पाठिंबा होता. ऐन महायुद्धात सरकारने साथ दिली नाही, तरी त्यांनी नाद सोडला नाही. अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून आधी डॉज, प्लिमथ अशा गाड्या आणि पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटच्या गाड्या इथे तयार झाल्या. त्यांतल्या गोलगरगरीत गाडीला मुंबई ‘डुक्कर फियाट’ म्हणायची. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली. सत्तरीच्या दशकात तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग राणी पद्मिनीच्या नावावरून प्रीमियर पद्मिनी झाली. वालचंदांनी मात्र हे नाव पाहिलं नाही. ते 1953 मध्येच गेले.

बॉनेटवरचं नाव बदललं, पण स्टिअरिंगच्या बाजूला तोच गियर दांडा आणि तेच 1089 सीसीचं इंजिन. म्हणून तुझे आजोबा चुकत नव्हते. आमच्या दुकानातल्या फळीवरही मी शेवटपर्यंत ‘फियाट’ हीच चिठ्ठी ठेवली होती. ‘पद्मिनीचा वॉटर पंप द्या’ असं म्हणणारा एकही टॅक्सीवाला मला भेटला नाही.

मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत 2023 च्या ऑक्टोबरअखेर संपली. आता ती पट्टी जपायलाच हवी. ब्रासो किंवा घासणी लावू नकोस, क्रोमचा मुलामा पातळ असतो, एकदा उडाला की खालचा धातू उघडा पडतो. मऊ सुती फडकं घासलेटात जेमतेम ओलं करून अक्षरांच्या खाचेतली घाण काढ, कोरड्या फडक्याने पूस आणि शिलाई मशीनच्या तेलाचं एक बोट फिरव. मागच्या बाजूचे दोन खिळे वाकडे असले तरी सरळ करू नकोस. जुना धातू आहे, मोडतील.