थिजलेली पाती आणि धूसर दुपार

प्रश्न : लहान प्रादेशिक विमानतळाच्या कुंपणाबाहेरून मी उड्डाण करणाऱ्या प्रवासी विमानांची छायाचित्रे काढतो. जेट विमाने चांगली येतात. मात्र पंख्यांची विमाने हवेत टांगून ठेवल्यासारखी निर्जीव दिसतात आणि दुपारची चित्रे तर सगळीच धूसर येतात. चूक कुठे होते?

उत्तर : आपण बहुधा दोन्ही प्रकारच्या विमानांसाठी शटरचा वेग एकच ठेवत असावात. जेटसाठी १/१००० सेकंद योग्यच आहे. परंतु एटीआर ७२ विमानाचा सहा पात्यांचा पंखा उड्डाणाच्या वेळी मिनिटाला सुमारे १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०, आणि १/१००० सेकंदात तो जेमतेम ७ अंश वळत असल्यामुळे पाती थिजलेली दिसतात. १/१२५ सेकंदात तोच पंखा जवळजवळ ५८ अंश फिरतो, आणि दोन पात्यांमधले अंतर ६० अंशांचे असल्याने चित्रात जवळपास पूर्ण चकती उमटते. अर्थात, एवढ्या संथ शटरला कॅमेरा विमानाबरोबर कमरेतून वळवत न्यावा लागतो आणि सुरुवातीला बरीचशी चित्रे हलतात. म्हणून १/२५० पासून आरंभ करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

धूसरपणाचा दोष लेन्सला देऊ नका. तापलेल्या धावपट्टीवरची हवा थरथरते आणि विमान जितके दूर, तितकी ती थरथर चित्रात अधिक उतरते. सकाळी लवकर जावे. विमाने शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडत असल्याने, निघण्यापूर्वी वाऱ्याची दिशा पाहिलीत तर ती धावपट्टीच्या कोणत्या टोकाकडे वर चढतील, याचा अंदाज येतो.